नसलेल्या पळवाटेचा शोध

१८५७चा उठाव मोडून काढताना इंग्रज सरकारची हिंदुस्थानातली तिजोरी खडखडीत झाली. ती भरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन कलकत्त्याला आला आणि फेब्रुवारी १८६०मध्ये त्याने मांडलेल्या अर्थसंकल्पातून आपल्याकडे प्राप्तिकर सुरू झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अब्राहम लिंकनच्या सरकारवर तीच वेळ आली. दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली होती, बुल रनच्या पहिल्याच मोठ्या लढाईत उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली होती, आणि वॉशिंग्टनचे सरकार तोवर मुख्यतः जकातीवर चालत आलेले. त्या पराभवानंतर दोनच आठवड्यांनी, ५ ऑगस्ट १८६१ला, वर्षाला ८०० डॉलरपेक्षा जास्त मिळकत असणाऱ्यांवर ३ टक्के कर लावणारा कायदा झाला. वसूल मात्र काहीच झाले नाही, कारण वसुलीची पुरेशी तजवीजच नव्हती.

ती तजवीज जुलै १८६२च्या दुसऱ्या कायद्याने केली. करवसुलीचे केंद्रीय खाते उभे राहिले, त्याला आयुक्त नेमला गेला. ६०० डॉलरपर्यंत माफी, १० हजारांपर्यंत ३ टक्के, त्यावर ५ टक्के. दोन वर्षांनी हा दर १० टक्क्यांपर्यंत चढला. कोणाची मिळकत किती ही यादी सर्वांना पाहता येई आणि वर्तमानपत्रे श्रीमंतांचे आकडे चवीने छापत. युद्ध संपले, गरज ओसरली, आणि १८७२मध्ये हा कर मुदत संपून गेला. इथवर गोष्ट सरळ आहे. गुंतागुंत पुढे सुरू होते, पण तिचे मूळ बरेच मागे आहे.

अमेरिकेच्या घटनेत एक मेख मारून ठेवलेली होती. केंद्राला ‘प्रत्यक्ष कर’ लावायचा असेल तर तो राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून लावावा, असे तिच्यात लिहिले आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना घडत असताना गुलामांची मोजणी कशी करायची यावर घासाघीस झाली. एका गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरायचे ठरले, आणि त्याच सौद्यात हे कलम आले. प्रत्यक्ष कर म्हणजे नेमके काय, असा प्रश्न रूफस किंग या प्रतिनिधीने सभेत विचारला होता. कोणीही उत्तर दिले नाही, अशी नोंद जेम्स मॅडिसनच्या टिपणांत आहे. प्राप्तिकराच्या शंभर वर्षांच्या भांडणाचे बी त्या मौनात आहे, असे मला वाटते.

कलमाचा व्यवहारातला परिणाम पाहा. दोन राज्यांची लोकसंख्या सारखी, पण एक श्रीमंत आणि एक गरीब. दोघांनी सारखीच रक्कम द्यायची, म्हणजे गरीब राज्यातल्या माणसाला दर जास्त पडणार. प्राप्तिकर हा ‘प्रत्यक्ष’ ठरला तर तो लावणेच अशक्य. १८८१मध्ये स्प्रिंगर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातला कर या व्याख्येत बसत नाही असा निर्वाळा एकमताने दिला होता, त्यामुळे काँग्रेस निर्धास्त होती.

१८९३च्या आर्थिक कोसळणीनंतर पश्चिम आणि दक्षिणेतले शेतकरी उसळले. जकातीचा भार कापड आणि अवजारांच्या किमतीतून त्यांच्यावर पडत होता. न्यूयॉर्कच्या भांडवलावर मात्र काहीच कर नव्हता. नेब्रास्काचा तरुण प्रतिनिधी विल्यम जेनिंग्ज ब्रायन याच्यासारख्यांनी जोर लावला आणि १८९४च्या जकात कायद्यात ४ हजार डॉलरवरच्या मिळकतीवर २ टक्के कर घुसवला. अध्यक्ष क्लीव्हलँडने त्यावर सही केली नाही, पण तो अडवलाही नाही.

मग आला पोलॉक खटला. चार्ल्स पोलॉक हा मॅसॅच्युसेट्सचा भागधारक. त्याचे मूठभर शेअर न्यूयॉर्कच्या फार्मर्स लोन अँड ट्रस्ट कंपनीत. कंपनीने कर भरू नये अशी त्याची मागणी, आणि कंपनीलाही हरायचेच होते. त्याच्या बाजूने जोसेफ चोट हा त्या काळचा नामांकित वकील उभा राहिला आणि हा कर म्हणजे साम्यवाद आहे असे त्याने न्यायमूर्तींना सांगितले. ८ एप्रिल १८९५चा पहिला निकाल अर्धवटच लागला. जमिनीच्या भाड्यावरचा कर रद्द झाला, पण बाकीच्या मुख्य मुद्द्यांवर चार विरुद्ध चार, कारण नववे न्यायमूर्ती हॉवेल जॅक्सन क्षयाने अंथरुणाला खिळले होते. फेरसुनावणी ठरली. जॅक्सन त्या अवस्थेत टेनेसीहून वॉशिंग्टनला आले आणि त्यांनी कराच्या बाजूने मत दिले. तरीही २० मे रोजी कर पाच विरुद्ध चार मतांनी पडला, म्हणजे आधी कराच्या बाजूला असलेल्या कोणीतरी मधल्या सहा आठवड्यांत कूस बदलली होती. जॅक्सन ऑगस्टमध्ये वारले.

या निकालातली एक गोष्ट पुढे मुद्दाम विसरली गेली. नोकरीचा पगार आणि व्यवसायाची कमाई यांवरचा कर घटनाबाह्य आहे असे न्यायालय कुठेही म्हणाले नव्हते. अडचण होती ती भाडे, व्याज आणि लाभांश यांवरच्या कराची. तो काढून फक्त पगारावरचा कर ठेवला तर सगळा बोजा कष्टकऱ्यांवर जाईल आणि काँग्रेसचा तसा हेतू नव्हता, म्हणून अख्खा कर रद्द करण्यात आला. ‘पगार हे उत्पन्नच नव्हे’ असे शंभर वर्षांनी छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पोलॉकचा दाखला द्यावा, हा या इतिहासातला एक खास विनोद.

पुढची चौदा वर्षे प्राप्तिकर थंड पडला होता. १९०९मध्ये सुधारणावादी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र आले आणि सिनेटमध्ये तो पुन्हा मंजूर होण्याची चिन्हे दिसू लागली. जुन्या बाण्याचे नेते नेल्सन ऑल्ड्रिच आणि अध्यक्ष टाफ्ट यांनी तेव्हा एक डाव टाकला. कर आत्ता नको, घटनादुरुस्तीच करू, राज्यांनी ठरवू दे. तीन चतुर्थांश राज्ये कधीच होकार देणार नाहीत असा ऑल्ड्रिचच्या गोटाचा हिशोब होता. सिनेटमध्ये ठराव ७७ विरुद्ध शून्य असा मंजूर झाला. त्या शून्यामागे किती जणांचा खरा विरोध दडला होता हे सांगायला नको. डाव उलटला. ऑगस्ट १९०९मध्ये अलाबामाने पहिला होकार दिला, एकेक राज्य येत गेले, आणि ३ फेब्रुवारी १९१३ला डेलावेअरने ४८ पैकी ३६ची संख्या पुरी केली. २५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्सने सोळावी घटनादुरुस्ती अमलात आल्याचे जाहीर केले.

जाहीर करण्याआधी नॉक्सच्या खात्याच्या कायदेशीर सल्लागाराने राज्यांकडून आलेले ठराव तपासले होते. कुठे स्वल्पविराम गळालेला, कुठे मोठे अक्षर लहान झालेले, कुठे एखादा शब्द चुकलेला. हातांनी आणि टाइपरायटरवर उतरवलेल्या मजकुरात हे व्हायचेच, आधीच्या दुरुस्त्यांतही झाले होते, तेव्हा यात काही अर्थ नाही असा अभिप्राय त्याने दिला. ते टिपण फायलीत गेले आणि सत्तर वर्षे पडून राहिले.

टेनेसीचा प्रतिनिधी कॉर्डेल हल याने नव्या कराचा मसुदा लिहिला आणि ३ ऑक्टोबर १९१३ला वुड्रो विल्सनने त्यावर सही केली. जकात कायद्याच्या पोटातला हा भाग पंधरा-सोळा पानांचा होता. अविवाहिताला ३ हजार, जोडप्याला ४ हजार डॉलर माफ. त्यावर १ टक्का. २० हजारांवर चढता जादा कर, पाच लाखांवर तो ६ टक्के. फॉर्म १०४० तेव्हाच जन्मला, सूचनांसकट चार पानांचा. पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख ५७ हजार विवरणपत्रे आली, आणि देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या पुढे होती. म्हणजे हा कर बहुतेकांच्या आयुष्यात नव्हताच. पगारातूनच कर कापून घेण्याची सोय, म्हणजे आपल्या भाषेत टीडीएस, या पहिल्या कायद्यातही होती. लोक कुरकुरले म्हणून १९१७मध्ये ती काढली गेली.

१९१६मध्ये ब्रशेबर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट १८९५मध्ये अल्पमतात होते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला.

पहिल्या महायुद्धात वरचा दर ७७ टक्क्यांवर गेला, १९२०च्या दशकात अर्थमंत्री अँड्र्यू मेलनने तो २५वर आणला. दर वर-खाली होत राहतात, त्यात विशेष काही नाही. विशेष घडत होते ते आतल्या कलमांत. १९२६ सालचे उदाहरण घ्या. जमिनीतले तेल संपत जाते म्हणून तेल कंपन्यांना ढोबळ उत्पन्नाचा काही भाग करातून वगळू द्यायचा, इथवर एकमत झाले. सिनेट ३० टक्के म्हणत होते, प्रतिनिधीगृह २५. सौदा २७.५ वर पटला. या आकड्यामागे भूगर्भशास्त्र नव्हते, हिशोबशास्त्रही नव्हते. तो आकडा १९६९पर्यंत कायद्यात राहिला आणि त्यावर टेक्सासमध्ये कित्येक घराणी गब्बर झाली.

घरकर्जाच्या व्याजाची वजावटही अशीच. सामान्य माणसाने स्वतःचे घर घ्यावे म्हणून सरकारने ती दिली, असे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९१३च्या कायद्यात सर्वच प्रकारच्या व्याजाची वजावट होती, घराचा तिथे उल्लेखही नव्हता. १९८६मध्ये बाकीच्या खासगी कर्जांच्या व्याजाची सवलत काढली, घराची ठेवली; तोवर तिच्यावर बांधकामवाले, बँका आणि कोट्यवधी घरमालक अवलंबून झाले होते. नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा दुसऱ्या महायुद्धातल्या वेतनगोठणीतून आला. पगार वाढवता येईना म्हणून कारखानदारांनी विमा देऊ केला, कर खात्याने त्यावर कर नको म्हटले, आणि १९५४च्या करसंहितेने ते कायमचे करून टाकले. अमेरिकन माणूस आजही नोकरी बदलताना विम्याची चिंता करतो, त्याचे हे एक मोठे कारण.

त्या महायुद्धानेच प्राप्तिकर घराघरांत नेला. माफीची मर्यादा खाली आली आणि पूर्वी कधी विवरणपत्र न पाहिलेले कामगार करदाते झाले. त्यांना समजावणार कोण? अर्थमंत्री हेन्री मॉर्गेनथाऊने वॉल्ट डिस्नेला गाठले. १९४२च्या सुरुवातीला आलेल्या छोट्या चित्रपटात डोनाल्ड डक सोपा फॉर्म भरतो: व्यवसाय अभिनेता, उत्पन्न २,५०१ डॉलर, अवलंबून असलेले तीन पुतणे, देय कर १३ डॉलर. तो पाहून लोकांना कर भरण्याचा हुरूप आला असेल, काँग्रेसला आला नाही. डिस्नेला द्यायचे ८० हजार डॉलर सभागृहाने नाकारले.

पण उत्साहाने गंगाजळी भरत नाही. वर्षभर कमावायचे आणि पुढच्या वर्षी एकदम भरायचे, हे साप्ताहिक पगारावर जगणाऱ्याला जमणारे नव्हते. मेसीज या दुकानाचा खजिनदार आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष बियर्ड्सली रमल याने सुचवले की कर दर पगाराला कापा, आणि दोन वर्षांचा कर एकाच वर्षात देण्याची पाळी येऊ नये म्हणून मागच्या वर्षाचा सोडून द्या. जून १९४३च्या कायद्याने एका वर्षाच्या कराचा मोठा भाग माफ केला आणि १ जुलैपासून पगारातून कपात सुरू झाली. ही व्यवस्था आखणाऱ्या अर्थखात्यातल्या तरुण अर्थतज्ज्ञांत मिल्टन फ्रीडमनही होता. सरकारी खर्चाचा कट्टर विरोधक म्हणून गाजल्यावर, ही कपात रद्द करता आली तर बरे, असे तोच सांगे. १९४४-४५मध्ये वरचा दर ९४ टक्के झाला.

पन्नासच्या दशकात तो बहुतेक काळ ९१ टक्के होता, आणि त्या काळाविषयी दोन समज आजही एकमेकांसमोर उभे आहेत. एकात श्रीमंत खरोखर शंभरातले एक्याण्णव डॉलर देत होते. दुसऱ्यात तो दर पाहून लोकांनी काम करणेच सोडले. दोन्ही खोटे. वरचा दर फक्त वरच्या टप्प्याच्या रकमेवर लागतो. पगार वाढला आणि ‘वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता हातात कमी येणार’ हे दुःख अमेरिकेतही आपल्याइतकेच लाडके आहे आणि तितकेच निराधार. शिवाय ज्यांचे उत्पन्न त्या टप्प्यात जाई, ते सल्लागाराला विचारून ते पगार म्हणून घेतच नसत. शक्य तिथे ते भांडवली नफा म्हणून घेत, आणि त्यावरचा कर २५ टक्क्यांच्या आसपासच होता.

आणि काहींसाठी कायदाच वाकत असे. १९५१च्या कायद्यात एक कलम आले: वीस वर्षांहून जास्त नोकरी केलेला, नफ्यात ठरावीक टक्केवारीचा करार असलेला कर्मचारी, निवृत्तीनंतर तो हक्क एकरकमी विकत असेल तर त्यावर नेहमीचा कर न लागता भांडवली नफ्याचा लागेल. वाचताना वाटावे की देशातल्या सगळ्या जुन्या निष्ठावान नोकरांची कोणाला कणव आली आहे. ते कलम लुई बी. मेयर या हॉलिवूडच्या सम्राटासाठी होते. एमजीएममधून बाहेर पडताना त्याचे लाखो डॉलर वाचले. हार्वर्डचे प्राध्यापक स्टॅन्ली सरी यांनी असे प्रकार उघड मांडले. कायद्यात नाव लिहायचे नाही, वर्णन इतके नेमके करायचे की त्या अंगरख्यात दुसरा कोणी मावूच नये. १९५४मध्ये आयझेनहॉवरने नवी संहिता आणली, भरण्याची तारीख १५ मार्चवरून १५ एप्रिलवर नेली, आणि अशी कलमे तिच्यातही राहिली.

जानेवारी १९६९मध्ये मावळते अर्थमंत्री जोसेफ बार यांनी काँग्रेससमोर सांगितले की एकाच वर्षात दोन लाख डॉलरहून जास्त उत्पन्नाच्या १५५ जणांनी एक पैसाही केंद्रीय प्राप्तिकर भरला नव्हता. त्यांनी कायदा मोडला नव्हता, कायद्यानेच त्यांना ते करू दिले होते. देश खवळला. त्याच वर्षी काँग्रेसने ‘किमान कर’ आणला, पुढे त्याचाच पर्यायी किमान कर झाला: सवलती घेऊन एकदा हिशोब करा, मग सवलती वगळून दुसऱ्यांदा करा, जास्त येईल तो भरा. पळवाटा बुजवायच्या सोडून त्यांच्याभोवती दुसरी भिंत बांधली. तिला महागाईची जोड दिली नाही, त्यामुळे १५५ धनिकांसाठी रचलेला हा सापळा पुढच्या चाळीस वर्षांत न्यूजर्सी-कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या पगारदार कुटुंबांपर्यंत सरकत आला. तो कायमचा दुरुस्त झाला जानेवारी २०१३मध्ये.

आता मिथकांची बाजू. सत्तरच्या दशकात महागाईने पगार फुगले, खरेदीची ताकद तीच राहिली, पण वरच्या टप्प्यांतला कर लागू लागला. टप्पे महागाईशी जोडले गेले ते १९८५पासून. या चिमटीत सापडलेल्या छोट्या दुकानदाराला, ट्रकचालकाला, वैमानिकाला एक गोष्ट पक्की माहीत होती: वरच्या लोकांसाठी कुठेतरी गुप्त दार आहे. त्याची ही समजूत चूक नव्हती. तसले दार त्याच्यासाठीही असेल आणि सरकार ते लपवते आहे, हा पुढचा तर्क मात्र चुकला. तो विकायला माणसे तयारच होती.

एक म्हणाला, ओहायो हे राज्यच नव्हते. १८०३मध्ये ओहायो संघात आले तेव्हा काँग्रेसने औपचारिक ठराव करायचा राहून गेला होता आणि १९५३मध्ये तो मागल्या तारखेने केला, हे खरे. त्यावरून माळ अशी: ओहायो राज्य नव्हते, म्हणून ओहायोत जन्मलेला टाफ्ट अध्यक्षच नव्हता, म्हणून त्याच्या काळात मांडलेली दुरुस्ती रद्द. घटनादुरुस्तीला अध्यक्षाची सही लागत नाही, आणि ओहायो वगळले तरी संख्या पुरते. माळेचा पहिला मणी खरा असला की बाकीचे खपतात.

दुसरा विल्यम बेन्सन, इलिनॉयच्या महसूल खात्याचा माजी तपासनीस. तो १९८४मध्ये राज्याराज्यांची दप्तरे पालथी घालत फिरला, स्वल्पविरामांच्या आणि अक्षरांच्या चुका गोळा केल्या आणि दुरुस्ती कधी मंजूर झालीच नाही असे पुस्तक काढले. १९१३चे ते फायलीतले टिपण त्याने शोधून काढले, आणि जे सल्लागाराने क्षुल्लक ठरवले होते त्यालाच कटाचा पुरावा ठरवले. न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी १९८६च्या एका निकालात त्याचे आकडेही मान्य केले: फक्त चार राज्यांचा मजकूर काँग्रेसच्या मजकुराशी अक्षरशः जुळतो. तरीही दुरुस्ती वैध, कारण योग्य अधिकाऱ्याने रीतसर प्रमाणित केलेला दस्तऐवज न्यायालय मंजूर झाला असेच धरते. बेन्सन पुढे स्वतःच्या करासाठी दोषी ठरला.

तिसरा आधार खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या एका वाक्याचा. १९६०च्या फ्लोरा खटल्यात म्हटले होते की आपली करव्यवस्था स्वेच्छेने आकारणी आणि भरणा यांवर उभी आहे. अर्थ इतकाच, की सरकार घरी येऊन हिशोब करत नाही, तो तुम्ही करायचा. पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द उचलून इर्विन शिफने आयुष्य काढले. पगार हे उत्पन्न नाही, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहा, असे तो पुस्तकांतून आणि शिबिरांतून शिकवी; त्याच्या शिष्यांनी शून्ये लिहिली आणि दंड भोगले. तो स्वतः पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला आणि २०१५मध्ये केंद्रीय कैदेतच वारला. हॉलिवूडचा नट वेस्ली स्नाइप्सने आणखी एक कलम शोधणाऱ्यांचे ऐकले. उत्पन्नाचा उगम देशात की परदेशात हे ठरवणाऱ्या त्या कलमाचा अर्थ त्यांनी असा लावला की देशातल्या कमाईवर करच नाही. २००८मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

या सगळ्यांत मला जॉन चीकची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. तो वैमानिक होता, १९७९पर्यंत नीट कर भरत असे. मग शिबिरांना जाऊ लागला आणि त्याने विवरणपत्र देणे बंद केले. त्याचा खटला १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने काहीसे अनपेक्षित उत्तर दिले. कायदा इतका गुंतागुंतीचा आहे की माणसाचा खरोखर गैरसमज होऊ शकतो; तो कितीही अडाणीपणाचा असला तरी प्रामाणिक असेल तर जाणूनबुजून गुन्हा केला असे म्हणता येणार नाही. मात्र कायदा घटनाबाह्य आहे असे ज्याला वाटते त्याने तो वाचलेला असतो, म्हणून तो बचाव चालणार नाही. फेरखटल्यात ज्यूरीने चीकचा प्रामाणिकपणा मानला नाही. त्याला वर्षाहून एक दिवस जास्त शिक्षा झाली. पण संहितेच्या गुंत्याने अज्ञानाला कायदेशीर दर्जा मिळवून दिला होता.

हा खटला उभा राहण्याआधीच संहिता एकदा मुळापासून साफ करण्याचा मोठा प्रयत्न होऊन गेला होता. अध्यक्ष रेगन, डेमोक्रॅट बिल ब्रॅडली आणि दोन्ही पक्षांचे समिती-अध्यक्ष यांनी १९८६मध्ये अनेक सवलती छाटून वरचा दर ५० वरून २८ टक्क्यांवर आणला. अमेरिकी राजकारणात असे पुन्हा घडलेले नाही. तरी मते जमवायला संक्रमणाच्या नावाखाली शेकडो खास कलमे घातली गेली. त्यांतले एक अशा कंपनीसाठी होते, जिची नोंदणी १३ जून १९१७ला झाली आणि जिचे मुख्य ठाणे ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला होते. तशी कंपनी एकच, फिलिप्स पेट्रोलियम. डोनाल्ड बार्लेट आणि जेम्स स्टील या पत्रकारांनी पंधरा महिने घालवून अशा कलमांमागची नावे शोधली आणि १९८९चे पुलित्झर मिळवले. शिफच्या शिबिरात बसलेल्या माणसाने ही बातमी वाचली असेल तर त्याने काय अनुमान काढले असेल?

छाटलेले पुन्हा फुटले. २०१२च्या अहवालात करदात्यांची बाजू मांडण्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने नोंदवले की २००१पासून संहितेत ४,६००हून अधिक बदल झाले, म्हणजे रोज एकाहून जास्त. संहितेची शब्दसंख्या जवळपास ४० लाखांवर गेली होती. राजकीय सभांत ऐकू येणारा ‘सत्तर हजार पाने’ हा आकडा मात्र संहितेचा नाही. तो एका खासगी प्रकाशकाच्या टीका-निकालांसह असलेल्या संचाचा आहे. २०१७च्या कायद्यानंतर सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली आणि बहुसंख्यांचे काम खरोखर सोपे झाले. पण घोषणा झाली होती ‘पोस्टकार्डावर विवरणपत्र’ अशी. फॉर्म १०४० आकाराने अर्धा केला, आणि काढलेल्या ओळी सहा नव्या पुरवण्यांत गेल्या. पुढच्या वर्षी त्या तीन झाल्या.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या गुंत्याची आपली एक शाखा आहे. पुण्या-मुंबईच्या बँकेतल्या अनिवासी भारतीयांच्या एनआरई मुदतठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते, म्हणून ते अमेरिकेतही दाखवायचे नाही, असे अनेक वर्षे एकमेकांना सांगितले गेले. अमेरिका आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. ते व्याज दाखवावेच लागते. याउलट नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगतो की भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी असूनही सरसकट वजावट मिळते, बाकीच्या देशांतल्यांना मिळत नाही. ही अफवा असणार म्हणून तो सोडून देतो. ती खरी आहे. १९८९च्या भारत-अमेरिका कराराच्या एकविसाव्या कलमात ती लिहिलेली आहे, आणि ती घेताना अनिवासींच्या १०४० फॉर्मवर त्या रकमेशेजारी कराराचा उल्लेख करायचा असतो.